कुसुमबाय आणि पाचवं प्रकरण

टाइपरायटरच्या जमान्यात पेण-रोह्याच्या ज्या ज्या प्राध्यापकाने डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं, तो एकदा तरी कुसुमबायसमोर बाकड्यावर बसलेला आहे. बाकडं शाळेतलं, लहान पोरांचं. मोठा माणूस बसला की गुडघे हनुवटीला लागायचे. खोलीत खुर्ची एकच, आणि तिच्यावर ती स्वतः. एका सरांनी एकदा सुचवून पाहिलं, "बाई, आल्यागेल्यासाठी एखादी खुर्ची ठेवा की."

"ठेवली होती," ती म्हणाली. "बसले की उठत नव्हते."

कुसुम मोकल तिचं नाव. शिक्षण सातवी, म्हणजे त्या वेळची फायनल. पेणला एस.टी. स्टँडच्या मागच्या आळीत तिचा टायपिंग क्लास होता. वर पत्रा, खाली शेणाची जमीन, आत सहा मशीन. चार इंग्रजी, दोन मराठी. समोर दहा पावलांवर माझं बाइंडिंगचं दुकान. ती प्रबंध टाइप करायची, मी ते बांधायचो. प्रबंधाला काळं रेक्झिन लागतं, वर सोनेरी अक्षरं लागतात, आणि ती अक्षरं दाबायचं यंत्र त्या वेळी आख्ख्या पेणमध्ये माझ्याकडेच होतं.

माझं शिक्षण चौथी. चौथी पास की चौथीपर्यंत, हे कोणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. एवढं सांगतो, मी बांधलेलं पान आजवर सुटलेलं नाही. आणि ज्यांचे प्रबंध मी बांधले, त्यांतल्या निम्म्यांना सुईत दोरा ओवता आला नसता. हे मी कुसुमबायला ऐकवायचो तेव्हा ती मशीनवरून मान न वळवता म्हणायची, "दादा, त्यांनी तुला शिवायला दिलं ना? मग गप शीव."

पदवी या गोष्टीवरून आमचं कायम वाजायचं. माझं म्हणणं, हा सगळा कागदाचा खेळ. तिला ते चालायचं नाही. ती म्हणायची, "बी.ए. म्हणजे हा शिकलाय असं कॉलेज म्हणतं. एम.ए. म्हणजे तो स्वतःच म्हणायला लागतो. पण पीएच.डी. तशी नाय. जगात कोणी बघितली नव्हती अशी एक गोष्ट या माणसानं बघितली, आन् खरी लिहून ठेवली. म्हणून त्याला डॉक्टर म्हणायचं."

"असं तुला कोणी सांगितलं?"

"एका सरांनीच."

"त्यांनी काय बघितलं होतं?"

"ते मला ठाऊक नाय. मी वाचत नाय, मारते."

हे मात्र खरं होतं. टाइप ती 'मारायची', वाचायची नाही. इंग्रजी तिला अक्षरापुरतं येत होतं, अर्थापुरतं नाही. नजर हाताने लिहिलेल्या कागदावर, बोटं मशीनवर आणि तोंड भलतीकडे. आळीत कोळीण आली की हिची बोटं अर्थशास्त्र मारायची आणि तोंड ओल्या बोंबलांचा भाव पाडायचं. मध्येच कुठल्या पोरीची करंगळी चुकली तर पाठीमागे न बघता ओरडायची, "सुलभे, करंगळी!" नुसत्या आवाजावरून तिला बोट कळायचं. पण प्रबंधाचं पहिलं पान, ज्यावर नाव आणि विषय असतो, ते मारायच्या आधी ती उठून हात धुवायची, पदराला पुसायची, आणि ते पान होईपर्यंत कोणाशी बोलायची नाही. कोळणीशीसुद्धा.

जसं लिहिलंय तसं मारायचं, हा तिचा धर्म. काना नाही, मात्रा नाही, पदरचं काही नाही. त्यावरून एकदा मोठी गंमत झाली. रोह्याच्या कॉलेजात वैद्य सर म्हणून होते. विषय मराठी. त्यांनी घाईघाईत कच्चे कागद आणून दिले, तिने ते मारले, मी बांधले, विद्यापीठात गेले, तिघा परीक्षकांनी तपासले, वैद्य सर डॉक्टर झाले. पेढे घेऊन आले. वर्षभराने आले ते मात्र तोंड पाडून, बगलेत तोच प्रबंध.

"कुसुमताई, हे काय केलंत?"

एकशे अठराव्या पानावर मजकुराच्या मधोमध ओळ होती: 'इथे कोणाचं तरी एखादं भारी मत घालणे. नाही सापडल्यास काढून टाकणे.'

ती ओळ त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवली होती. हिने मारली.

"तुमच्याच अक्षरात होतं, सर."

"अहो, पण कळायला नको का?"

"मला कळायला नको का?" कुसुमबाय म्हणाली. "मी सातवी. तिघं परीक्षक होते ना तुमचे? त्यांना कळलं?"

वैद्य सरांनी प्रबंध परत बगलेत मारला. मग हळूच म्हणाले, "कोणाला सांगू नका." तिने कोणाला सांगितलं नाही. मी सांगितलं, सगळ्या आळीत. मला वाटलं, आता माझं म्हणणं सिद्ध झालं. पण त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "तिघांनीपण नाय वाचलं रे दादा?" चोरी झाल्यासारखा चेहरा होता. मी हसत होतो, पण ती हसत नव्हती हे माझ्या लक्षात होतं.

लग्न तिने केलं नाही. एक स्थळ आलं होतं, नागोठण्याचं, मुलगा बी.कॉम. त्याचा मामा म्हणाला, "मुलगी सातवीच का?" हिने मुलाला मशीनसमोर बसवलं आणि म्हणाली, "शिकलेले आहात, तर तुमचं नाव मारून दाखवा." बी.कॉम.ने एका बोटाने शोधत शोधत स्वतःचं नाव मारलं, त्याला एवढा वेळ लागला की मामाचा चहा निवला. कुसुमबाय म्हणाली, "नवरा हळू चालला तर चालेल. पण इतका नाय."

खरं कारण निराळं होतं. घरी बाप आणि धाकटा भाऊ. बाप खाडीकडच्या मिठागरात मजूर. खाऱ्या पाण्यात उभं राहून लाकडी फावड्याने मीठ ओढायचं, हे त्याने तरणा असल्यापासून केलं. पाय असे झाले होते की टाच कुठली आणि जमीन कुठली, ते सांगता येऊ नये. पुढे कमरेने धरलं तेव्हा कुसुमबायने त्याला पेणला आणलं. क्लासच्या दाराशी तो बाकड्यावर बसलेला असायचा, अनवाणी. सहा मशिनींच्या कडकडाटात त्याला छान झोप लागायची. मशीन थांबली की जागा व्हायचा आणि विचारायचा, "काय झालं गो?"

भाऊ प्रभाकर. त्याला तिने बोटांवर शिकवला, असं मी म्हणतो. त्याची फी, वह्या, मुंबईचं वसतिगृह, सगळं त्या सहा मशिनींतून निघालं. तो एम.ए. झाला, रोह्याच्या कॉलेजात अर्थशास्त्राला लागला, लग्न झालं, नदीपलीकडे अष्टमीला ब्लॉक घेतला. दारावर पाटी लागली: प्रा. प्रभाकर मोकल, एम.ए. त्यापुढे जागा मोकळी सोडली होती. बोटभर. कुसुमबायने मला ती पाटी बघायला मुद्दाम नेलं होतं. एस.टी.ने रोह्याला, तिथून पूल चालत. मी म्हटलं, "जागा का सोडली?" तर म्हणाली, "भरायची हाय."

मग कॉलेजचे जुने प्राचार्य निवृत्त व्हायचे झाले. संस्थेने कळवलं, पुढचा प्राचार्य डॉक्टरच पाहिजे. निदान अमुक तारखेच्या आत प्रबंध विद्यापीठात दाखल केलेला पाहिजे. प्रभाकरचा विषय ठरलेला होता, खाडीकाठच्या खारेपाटातली मिठागरं. इंग्रजीत. चार प्रकरणं लिहून झाली होती, सरकारी कागद आणि पुस्तकं धुंडाळून. ती त्याची स्वतःची होती, हे मी आजही कोणासमोर सांगेन. पाचवं प्रकरण मजुरांच्या जगण्याचं. ते राहिलं होतं. त्याच्या सासऱ्याने तर जावई प्राचार्य होणार म्हणून अष्टमीत चहाला चारचौघं बोलावूनसुद्धा झाली होती.

तारखेच्या आदल्या आठवड्यात पाचवं प्रकरण आलं. सुवाच्य, एका बैठकीत लिहिल्यासारखं. कुसुमबायने मशीनला कागद लावला. मी चौथ्या प्रकरणाची पानं न्यायला तिथेच उभा होतो. अर्धं पान झालं आणि मशीन थांबली.

दाराशी बाप जागा झाला. "काय झालं गो?"

"काय नाय बाबा." ती बोटांकडे बघत होती. "दादा, हे मी मारलंय."

"कधी? काल?"

"काल नाय. पाचसहा वर्षं झाली." तिने पुढचं पान उचललं. त्यावर तक्ता होता, सात रकान्यांचा. "हा बघ. तिसरा रकाना अरुंद, शेवटचा रुंद. याचे रकाने सरळ पडावेत म्हणून मी मशीनला ठोके लावले होते आन् दोनदा चुकले होते. माझी बोटं या वाटेनं गेलीत."

"अगो, तक्ते सगळे सारखेच."

"माणसं सारखी असतात. तक्ते नाय."

प्रबंधाच्या पाच प्रती मारताना कार्बनची शेवटची प्रत इतकी पुसट निघायची की ती कोणी नेत नसे. कुसुमबाय ती टाकायची नाही. त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोरं सराव करायची. कोपऱ्यात अशा कागदांचा माझ्या कमरेएवढा ढीग होता. त्या दिवशी क्लास बंद ठेवून तिने सगळ्या पोरींना ढिगाला लावलं. तासाभराने सुलभा ओरडली, "सापडला!"

पान तेच. तक्ता तोच. शब्द न् शब्द तोच. मुंबईचे एक प्राध्यापक पूर्वी इथली मिठागरं बघायला आले होते, त्यांनी हिच्याकडूनच टाइप करून घेतलेला प्रबंध. पाठीमागे कोणा पोराने ए एस डी एफ ए एस डी एफ मारलेलं.

शनिवारी दुपारी प्रभाकर आला. खुशीत. बापाच्या हातात केळी दिली, मला हाक मारली, "काय दादा, सोनं तयार आहे ना?" मी क्लासच्या कोपऱ्यात उभा होतो. जायला हवं होतं, पण गेलो नाही.

"बस," कुसुमबाय म्हणाली. तो बाकड्यावर बसला. गुडघे हनुवटीला.

"ताई, सोमवारी मुंबईला पोचवायचंय हां."

"पोचव. फक्त एक काम कर. हे पाचवं प्रकरण मला मराठीत वाचून दाखव."

"आत्ता? कशाला?"

"चाळीस पानं मारायची हायत. एकदा तरी कळू दे मी काय मारते."

तो हसला. बापाकडे बघून म्हणाला, "बाबा, ऐका, तुमच्यावरच आहे." बाप केळं सोलत सावरून बसला. प्रभाकर वाचायला लागला, इंग्रजी एक ओळ, मग तिचं मराठी. मजूर कुठून येतात. मोसम किती महिन्यांचा. पहाटे निघतात, सोबत भाकरी नेतात. बाप मान डोलवत होता, "व्हय, व्हय." दुसरं पान उलटलं. प्रभाकरने एक ओळ इंग्रजीत वाचली आणि थांबला.

"पुढं?"

"पुढे विशेष काही नाही."

"विशेष नाय ते पण सांग."

"अगं, सोयीसुविधा वगैरे…"

"कसल्या?"

त्याने कागद जरा लांब धरला. हा मनुष्य ते प्रकरण स्वतःच्या हाताने उतरवून घेऊन आला होता, पण वाचत होता ते पहिल्यांदा. त्याच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. "मजुरांना… खाऱ्या पाण्यापासून संरक्षण म्हणून… गुडघ्यापर्यंतचे गमबूट दिले जातात."

मागच्या मशीनवर सुलभेची बोटं थांबली. बाहेर एस.टी.चा कंडक्टर अलिबाग, अलिबाग ओरडत होता.

आणि बाप हसायला लागला. खो खो, केळ्याचा घास तोंडात तसाच. "दिले होते!" तो म्हणाला. "व्हय रे, दिले होते! मुंबईचा एक सायेब आला होता, वही घेऊन. त्या दिवशी मुकादमानं गोणीतून बूट काढले न् आम्हा सगळ्यांना घातले. माझ्या वाट्याला दोन्ही डावे. चालता येईना. सायबानं फोटो काढला, चा प्याला, गेला. गाडी वळली नाय तोवर मुकादम म्हणाला, काढा. गोणीत भरले न् नेले."

मी हसलो. सुलभा हसली. कुसुमबायही हसली, क्षणभर. मग म्हणाली, "म्हणजे हे मी मारलं. पाच प्रती. या बोटांनी. बाबांच्या पायात बूट मी घातले न् मला ठाऊक नाय."

"ताई, ऐक. आता वेळ नाही. ती एक ओळ काढून टाकू."

"ओळ काढली की बाकी तू बघितलेलं होईल?"

"सगळेच थोडंफार घेतात गं. आणि तू तरी काय केलंस जन्मभर? दुसऱ्याचंच उतरवून काढलंस ना?"

हे तो बोलला आणि त्यालाच ते लागलं. पण तोंडून निघून गेलेलं होतं.

कुसुमबाय चिडली नाही. भिंतीवर तिचं एकच सर्टिफिकेट होतं, सरकारी टायपिंगचं. त्याच्याकडे हात करून म्हणाली, "माझी परीक्षाच उतरवून काढायची होती, पर्भाकर. जसंच्या तसं, चूक न करता. त्याचा सरकारनं शिक्का दिलाय मला. तुझ्या पदवीवर तसं छापणार असतील तर बस, आत्ता मारते."

प्रभाकर उठला. कागद गोळा करू लागला. "अलिबागला टाइपवाले आहेत," म्हणाला. "तुझे हात थांबले म्हणून कोणाचं अडत नाही."

तेव्हा बाप मध्ये बोलला. भांडण कशाचं चाललंय ते त्याला पुरतं कळलंही नसेल. मांडीवरचं केळ्याचं साल बाजूला ठेवत म्हणाला, "असू दे गो कुसुम, कशाला त्याच्यावर रागावतेस? पुस्तकात तरी मिळाले ना बूट."

प्रभाकर तिथून माझ्या दुकानात आला. मला म्हणाला, "दादा, पाचवं मी अलिबागहून करून आणतो. तुम्ही बांधाल ना?"

मी म्हटलं, "कुठूनही आण. बांधणाऱ्याने आत बघायचं नसतं." यावर पुढे लोकांनी मला नावं ठेवली. ठेवू देत. मी आजही तेच म्हणेन. सुतार खाट करताना तिच्यावर कोण झोपणार ते विचारत नाही.

तो माझ्या स्टुलावर बसून राहिला. एक अलिबाग गेली. दुसरी गेली. समोर दाराशी बाप पाय लांब करून परत झोपला होता, आणि ते पाय आमच्याकडे होते. तिसरी अलिबाग लागली तेव्हा प्रभाकर उठला आणि रोह्याच्या गाडीत बसला.

तारीख गेली. प्राचार्य दुसरेच झाले. कोण, तर वैद्य सर. एकशे अठराव्या पानासकट. मी पोट धरून हसलो, पण हसायला जोडीला कोणी नव्हतं. अष्टमीहून प्रभाकरची बायको येऊन आळीत उभी राहून बोलून गेली, "नणंदेनं खुर्ची खाल्ली माझ्या नवऱ्याची." कुसुमबाय आतून कडकड मशीन मारत होती. मी नंतर बघितलं, मशीनला कागदच नव्हता.

पावसाळाभर भाऊ-बहीण बोलले नाहीत. मिठाचा मोसम सुरू झाला आणि एका रविवारी प्रभाकर क्लासच्या दारात. हातात छापील प्रश्नांचे कागद. तिच्याकडे न बघता बापाला म्हणाला, "मिठागरावर चाललोय. लोक बोलत नाहीत माझ्याशी. पँट बघून मुकादमाकडे पाठवतात."

कुसुमबायने ते कागद घेतले. "मराठीत सांग." त्याने पहिला प्रश्न सांगितला. आपले मासिक कौटुंबिक उत्पन्न किती?

"हे तू बाबांना विचारशील?"

"म्हणून तर…"

"चप्पल घालते. थांब."

पुढचे सगळे रविवार ती दोघं मिठागरावर. ती बायकांत जाऊन बसायची आणि नुसत्या गप्पा मारायची, हा मागे उभा राहून लिहून घ्यायचा. एकदा ती म्हणाली, लांबून काय लिहितोस, उतर. तो पँट वर दुमडून उतरला आणि उन्हं कलेपर्यंत मीठ ओढलं. सोमवारी पाय असे सुजले की बुटात जाईनात. वर्गात अनवाणी गेला. पोरांना वाटलं, सरांचा नवस आहे. एकीने नवस फेडायला नारळ आणून दिला.

पाचवं प्रकरण लिहायला त्याला दोन मोसम लागले, आणि मारायला आणखी एक पावसाळा, कारण आता कुसुमबाय प्रत्येक ओळीचा अर्थ कळल्याशिवाय बोट उचलायची नाही. दिवसाला तीस पानं मारणारी बाई दीड पानावर आली. "हा शब्द काय?" "तहान." "मग असा लांबलचक का लिहिलास?" प्रभाकर रडकुंडीला यायचा. "ताई, तुझ्यापेक्षा परीक्षक परवडले."

"त्यांना कुठं मारायचं असतं?"

विद्यापीठातल्या तोंडी परीक्षेत काय झालं ते प्रभाकरनेच आम्हाला सांगितलं. परीक्षक म्हणाले, पहिली चार प्रकरणं उत्तम, जागोजाग आधार दिलेत. पाचव्यात मात्र खाली टिपाच नाहीत. हे सगळं कशाच्या आधारावर? हा घाबरून म्हणाला, "सर, वडील." परीक्षकांनी पेन काढलं. "त्यांचा ग्रंथ कोणता?"

पदवी मिळाली. बांधलेली एक प्रत मी बापाला द्यायला घेऊन गेलो. सोनं मी दोनदा दाबलं होतं, पैसे घेतले नाहीत. बापाने पुस्तक उलटं धरलं, ते कुसुमबायने सुलटं केलं.

"मी कुठं हाय?"

तिने पान काढून बोट ठेवलं.

"बूट?"

"काढले."

"बरं केलंस. दोन्ही डावे होते." थोड्या वेळाने म्हणाला, "मग आता काय हाय पायात?"

"काय नाय."

बापाने ती ओळ निरखून बघितली. त्याला अक्षर येत नव्हतं, इंग्रजी तर सोडाच. तरी म्हणाला, "व्हय. बरोबर हाय."

प्रभाकर प्राचार्य कधीच झाला नाही. डॉक्टर मोकल म्हणून निवृत्त झाला. कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, मशिनी भंगारात गेल्या, माझं दुकानही मुलाने झेरॉक्सला दिलं. बाप गेल्यावर कुसुमबाय खाडीकडच्या गावी राहायला गेली. मी चारसहा महिन्यांनी एखादी चक्कर मारायचो, भांडायला. दुसरं कोण होतं आम्हाला?

शेवटचा गेलो तेव्हा ओटीवर एक मुलगी बसली होती. जीन्स, पाठीला बॅग, मांडीवर कागदांचा जाडजूड गठ्ठा. प्रभाकरच्या हाताखाली शिकत होती. त्याने निवृत्तीनंतरही आपल्या मुलांना एक नियम घालून दिला होता, कुठलंही प्रकरण आधी माझ्या बहिणीला मराठीत सांगून या, मग मी वाचतो. मुलं मागे कुरकुरायची, पण यायची.

या मुलीचा विषय होता डोलवीला कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची घरं. ती भराभर सांगत होती. कुसुमबाय भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. केस सगळे पांढरे, बोटं गाठी आलेली, पण मांडीवर हलत होती. मी खाली पायरीवर बसलो.

"थांब," कुसुमबाय म्हणाली. "सकाळच्या शिफ्टला जाणाऱ्याची बायको किती वाजता उठते?"

मुलीने कागद मागेपुढे केले. "आजी, ते प्रश्नावलीत नव्हतं."

"बरं. मग ती उठतच नसेल."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस गो, मी चौथी."

 मुलीने कागद बॅगेत भरले, चेन लावली, पायात सँडल चढवली. जरा घुश्शातच होती. अंगण ओलांडून फाटकाशी गेली, थबकली आणि वळून म्हणाली, "आजी, डोलवीला सकाळी पहिली गाडी कितीला असते?"

कुसुमबायने डोळे उघडले नाहीत. नुसती चार बोटं वर केली. मुलीने मोबाइल काढला आणि तिथेच उभं राहून तीनचा गजर लावला.